शिवलेल्या होडीची शिवण: उसवणे, कडा जुळवणे, पुन्हा शिवणे

काथ्याने शिवलेली होडी पाणी घ्यायला लागली की बहुतेक जण आधी दोरीला दोष देतात. दोरी बदलतात, आणखी ताणतात, आणि पंधरवड्यात होडी पुन्हा तळाशी पाणी धरते. दोरी पाणी अडवत नाही. पाणी अडवतात एकमेकींवर चपखल बसलेल्या फळ्यांच्या कडा, त्यावर आतून दाबलेला काथ्याचा भराव आणि भिजून फुगलेलं लाकूड. दोरीने या तिघांना घट्ट धरून ठेवायचं असतं, बस्स. म्हणून खालच्या कामात निम्म्याहून जास्त वेळ शिवायच्या आधीच जायला हवा. दोन दिवसांत अख्खी होडी शिवून देतो म्हणणाऱ्या मेस्ताला (होडी बांधणाऱ्या सुताराला) कडा कशा जुळवणार ते आधी विचारावं.

इथली मापं गोव्याच्या किनाऱ्यावरच्या लहान उलांडीच्या (एका बाजूला आडव्या वाशांनी बांधलेल्या तरत्या लाकडाच्या) होडीची आहेत: लांबी सुमारे २० फूट, खाली आंब्याच्या एका खोडातून कोरलेली डोणी, तिच्यावर दोन्ही बाजूंना एकेक पाट (लांब फळी) शिवलेला, पाटाची जाडी १ इंच. जास्त पाटांच्या होडीलाही रीत हीच. फक्त सगळ्यात खालची शिवण पुरी करूनच वरची धरायची.

कधी करायचं

भाद्रपद ते कार्तिक हा चांगला काळ. पावसाळाभर चुडतांच्या (विणलेल्या झावळ्यांच्या) खोपीत झाकून ठेवलेल्या होडीचं लाकूड तेव्हा धड ओलंही नसतं, धड सुकंही नसतं. वैशाखात, वाळूत तापलेल्या होडीवर हे काम काढलं तर आटलेल्या फळ्या अगदी घट्ट बसतात, पण पाण्यात गेल्यावर फुगून एकमेकींना रेटतात. मग दोरी तरी तुटते, नाहीतर पाट बाहेर फुगतो. उलट पाण्यातून काढून लगेच शिवलेली होडी आठवडाभर किनाऱ्यावर राहिली की शिवणीतून उजेड दिसायला लागतो. होडी पाण्यात असेल तर वर काढून सावलीत दोन-तीन आठवडे ठेवावी, मग हत्यार लावावं.

जागा समतल हवी. डोणीखाली तीन ठिकाणी ओंडके द्यावेत आणि नाळ (होडीचं पुढचं टोक) ते मागचं टोक दोरी ताणून बघावं. होडी पिळून बसली असेल तर त्याच पिळात ती शिवली जाईल आणि पाण्यात उतरल्यावर एका बाजूची शिवण कायम ताणात राहील.

सामान

काथ्याची दोरी, म्हणजे सुंभ, दोन पेडी आणि साधारण दीड सूत जाड घ्यावी. (८ सूत म्हणजे १ इंच.) हिरव्या नारळाची सोडणं (वरची सालं) खाऱ्या पाण्यात कित्येक महिने कुजवून काढलेला काथ्या फिकट, लांब आणि मऊ असतो. सुक्या सोडणांपासून यंत्रावर काढलेला तपकिरी काथ्या पायपुसण्यांना ठीक, शिवणीला नाही. त्याचे तंतू आखूड असतात आणि भोकाच्या काठावर वळताना मोडतात. पारख सोपी आहे: वीतभर दोरीचा पीळ उलगडून एक पेड बोटाभोवती घट्ट गुंडाळायचा. तंतू उभे राहून टोचले तर ती दोरी परत करावी.

किती लागेल? भोकांच्या जोड्या (एक भोक डोणीच्या कडेला, दुसरं समोर पाटाच्या कडेला) २ इंचांवर धरल्या तर २० फुटांच्या शिवणीत १२० जोड्या येतात. एका फेरीत दर जोडीला ८ इंच दोरी जाते: बाहेरून २, दोन्ही भोकांतून मिळून २, आणि आत भरावावरून तिरकी ४. फेऱ्या दोन, म्हणजे दर जोडीला १६ इंच, एका बाजूला १६० फूट. गाठी, तुटफूट आणि ओढायला हातात लागणारी टोकं धरून २०० फूट घ्यावी. दोन्ही बाजूंना मिळून ४०० फूट.

दोरी रात्रभर समुद्राच्या पाण्यात भिजवून दोन माडांमध्ये बांधायची, मध्ये १५-२० किलोचा दगड लटकवायचा आणि दिवसभर तशीच ठेवायची. सुरुवातीला लांबायची ती तिथेच लांबते. शिवताना दोरी दमट हवी, निथळती नको. पीळ दिलेला काथ्या भिजला की आखडतो आणि सुकला की सैल पडतो. चिंब दोरीने शिवलेलं सुकल्यावर ढिलं होतं, दमट दोरीने शिवलेलं पाण्यात गेल्यावर आणखी आवळतं.

नायलॉनचा मोह टाळावा. नायलॉन ताणाखाली लांबतो, भिजून भोकात फुगत नाही, आणि बारीक असल्यामुळे आंब्याच्या मऊ लाकडात करवतीसारखा चिरत जातो. लोखंडी खिळा तर नकोच. खाऱ्या पाण्यात तो गंजतो आणि आजूबाजूचं लाकूडही काळं पडून भुसभुशीत होतं. चौदाव्या शतकात या किनाऱ्यावर आलेल्या प्रवासी इब्न बतूतानेही लिहून ठेवलं आहे की काथ्याने शिवलेली जहाजं खडकावर आपटली तर लवतात, खिळ्यांची फुटतात. लहान होडीपुरतीच ही विद्या आहे असंही नाही. गोव्यात याच पद्धतीने शिवून बांधलेलं 'कौंडिण्य' हे शिडाचं जहाज २१ मे २०२५ रोजी कारवारला नौदलात दाखल झालं.

बाकी सामान: भरावासाठी पाच-सहा किलो मोकळा लांब काथ्या, सांध्यात बसवायच्या वातीसाठी कापूस, राळ २ किलो, उंडीचं तेल, चाळलेला विरवलेला चुना, आणि भोकं बुजवायच्या खुंट्यांसाठी पांगारा किंवा सावरीचं सुकं लाकूड. हत्यारांत तीन सुतांचं गिरमिट, रंधा, पटाशी, वाकस (तासणी), लाकडी मोगरी (हातोडा) आणि दोरी ओढायला हातभर लांबीचं गुळगुळीत दांडकं.

पाटच बदलायचा असेल तर फणस किंवा साग चांगला. उंडीचं वाकडं लाकूड वांकांना (होडीच्या आतल्या वाकड्या फासळ्यांना) उत्तम. आइन टिकतो, पण लहान होडीला जड होतो. स्वतःच्या बागेतलं झाड असलं तरी तोडायला गोव्यात १९८४च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वन खात्याची परवानगी लागते. ती हातात आल्याशिवाय मेस्ताला बोलावू नये.

उसवणे

आधी काव (लाल माती) भिजवून पाट आणि डोणी या दोन्हींवर दर दहाव्या जोडीला एकच आकडा घालायचा. जुनी भोकं पुन्हा समोरासमोर आणायची आहेत, आणि पाट अर्ध्या इंचाने जरी पुढे सरकला तरी सगळी रांग तिरकी होते. मग वांकांच्या बांधण्या सोडायच्या, उलांडीचे आडवे वासे काढून ठेवायचे.

दोरी आतूनच कापायची, भरावावर सुरी चालवून. बाहेरच्या बाजूने पाते घातलं की पाटाच्या काठावर चरा पडतो आणि पाणी नेमकं तिथूनच आत येतं. खुंट्या ज्या बाजूने ठोकल्या असतील त्याच्या उलट बाजूने, भोकापेक्षा बारीक लाकडी दांड्याने ठोकून काढायच्या. जुना भराव लगेच फेकू नये, उलटून बघावा. जिथे तो काळा, कुजका आणि गोडसर वासाचा असेल तिथे पावसाचं गोडं पाणी साचत होतं. काथ्या खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं टिकतो, गोड्या पाण्यात लवकर सडतो. जिथे भराव कोरडा आणि सैल निघतो तिथे तो मुळात दाबलाच गेला नव्हता. आणि जिथे त्यात वाळूचे कण सापडतात तिथे कडेला खरी फट होती. या तिन्ही जागा आत्ताच कावेने खुणावून ठेवाव्यात.

पाट निघाला की दोन्ही कडांवर सुरीचं टोक दाबत जायचं. टोक सहज घुसलं तर ते लाकूड तासून काढायचं. गोल, आतून पांढरा चुन्यासारखा लेप असलेली भोकं दिसली तर ती खाऱ्या पाण्यातल्या लाकूड पोखरणाऱ्या किड्याची. तो शिंपल्याच्या कुळातला आहे. वरून टाचणीएवढं छिद्र आणि आत बोटभर पोकळी, असा त्याचा कारभार. अशी फळी भरून वाचत नाही.

कडा जुळवणे

सगळ्यात कंटाळवाणं काम हे, आणि सगळ्यात मोलाचंही हेच. काव तेलात कालवून डोणीच्या कडेवर पातळ पुसायची. पाट वर ठेवून मोगरीने हलके ठोके द्यायचे आणि उचलायचा. पाटाच्या कडेवर जिथे लाल ठिपके उठले तिथे उंचवटा आहे, तेवढाच रंध्याने किंवा पटाशीने खरवडायचा. पुन्हा ठेवायचा, पुन्हा उचलायचा. सुरुवातीला २० फुटांत पाच-सहा जागीच लाल उमटतं. हळूहळू ठिपके वाढत जाऊन त्यांची सलग पट्टी होते. बाहेरच्या अर्ध्या जाडीत ती पट्टी कुठेही तुटता कामा नये. आतल्या अर्ध्यात केसभर सैल चालतं, उलट थोडं सैल असलेलंच बरं, वात बसायला जागा मिळते.

मधल्या भागात घाई झाली तरी एकवेळ निभतं. नाळेजवळच्या शेवटच्या तीन फुटांत नाही. तिथे पाट वळतो, कडेचा कोन दर वीतभर अंतराला बदलतो आणि लाटेचा मारही तिथेच बसतो.

फटीत जाड काथ्या कोंबून वाईट कड झाकता येते असं वाटतं. तसं केलं की त्या जागी पाट वर उचलला जातो, शेजारच्या दोन-दोन फुटांतला दाब जातो आणि एका फटीच्या तीन होतात.

भोकं

नवीन भोकं पाडायची असतील तर कडेपासून १ इंच आत रेघ ओढायची. पाऊण इंचाच्या आत आलं की ओढताना काठ फाटून येतो. सव्वा इंचाच्या पलीकडे गेलं की दाब कडेपर्यंत नीट पोचत नाही आणि फळ्या सांध्यावर डुलतात. सगळी भोकं एकाच रेघेवर मात्र घेऊ नयेत. एक भोक रेघेच्या अर्धा सूत वर, पुढचं अर्धा सूत खाली. एकाच शिरेवर ओळीने भोकं पडली तर पाट त्या शिरेत उभा चिरतो, विशेषतः साग. गिरमिट बाहेरून आत चालवावं आणि टोक आत दिसताच थांबून उरलेलं आतून पुरं करावं, नाहीतर ढलपी निघते.

समोरासमोरच्या दोन भोकांमध्ये बाहेरच्या अंगाला पटाशीने दोन सूत खोल खाच घ्यावी. होडी रोज वाळूवर ओढली जाते. दोरी लाकडाच्या वर उभी राहिली तर एका हंगामात घासून जाते. भोकाचे काठ गोल करावेत. दोरी तुटते ती बहुतेक वेळा तिथेच.

भराव आणि शिवण

राळ कुटून मंद आचेवर वितळवावी आणि किलोला २५०-३०० मिली तेल घालावं. थेंब गार पाण्यात टाकून वाकवून बघायचा. मोडला तर तेल कमी आहे, बोटाला चिकटला तर राळ कमी. भांडं अर्ध्यापेक्षा जास्त भरू नये. पेटलं तर वाळू टाकावी, पाणी कधीच नाही.

कापसाची करंगळीहून बारीक वात या मिश्रणात बुडवून डोणीच्या कडेच्या आतल्या अर्ध्यात ठेवायची, पाट बसवायचा आणि आकडे जुळवून दर २ फुटांवर तात्पुरती बांधणी घालायची. सुरुवात मध्यापासून, मग एकदा नाळेकडे, एकदा मागे. पाट कुठे किंचित लांब-आखूड असेल तर तो फरक टोकाला निघून जातो. टोकापासून बांधत आलात तर मध्ये पोट येतं.

भराव सांध्यावर आतून बसतो. मोकळा काथ्या ओढून, सगळे तंतू लांबीच्या दिशेने ठेवून, दीड इंच जाड सलग गुंडाळी करायची. तुकड्यांचे जोड वीतभर एकमेकांवर चढवायचे. शिवल्यावर ही गुंडाळी निम्मी दबली पाहिजे.

आता दोन माणसं, एक आत आणि एक बाहेर. पहिली दोरी आत गाठ मारून नाळेकडच्या खालच्या भोकातून बाहेर काढायची, बाहेरून उभी वर नेऊन वरच्या भोकातून आत घ्यायची, मग भरावावरून तिरकी पुढच्या जोडीच्या खालच्या भोकात. असं शेवटपर्यंत. दुसरी दोरी मागच्या टोकाला सुरू करायची, तशीच खालच्या भोकातून बाहेर आणि वरच्यातून आत, म्हणजे तिरकी उलट दिशेने जाते. आत फुल्यांची रांग दिसते, बाहेर खाचेत दोन उभे पदर. दोरी २५-३० फुटांचीच घ्यावी आणि जोड आत, भरावावर, पेड एकमेकांत विणून करावा. भोकात गाठ आली तर तिथे पुढे खुंटी बसत नाही.

प्रत्येक टाक्याला दोरी दांडक्याला दोन वेढे देऊन, दांडकं फळीच्या तुकड्यावर टेकवून तरफेने ओढायची. ओढ असतानाच आतल्या माणसाने भरावावरच्या दोरीवर मोगरी मारायची. पहिले ठोके भद्द वाजतात. भराव बसला की आवाज टणक होतो, त्या ठोक्याला भोकात तात्पुरती खुंटी मारून मगच ओढ सोडायची. खुंटी न मारता पुढचा टाका ओढला तर मागचा हमखास सैल होतो, आणि ते बोटाला समजत नाही, पाण्यातच कळतं.

दुसरी फेरी त्याच दिवशी पुरी करू नये. रात्रभर ठेवली की पहिली थोडी बसते. सकाळी मोगरीने आवाज घेत जायचं, भद्द वाजेल तो टाका पुन्हा ओढायचा आणि मग दुसरी घालायची.

भोकं बुजवणे, वांक, लेप

तात्पुरती खुंटी काढून भोकात बाहेरून राळेत भिजवलेला काथ्या ठासायचा आणि वर पांगाऱ्याची खुंटी, लांबी फळीच्या निम्म्या जाडीची. सागाची टणक खुंटी दोरी कापते आणि पाट फोडते. शिवाय पुढच्या खेपेला ती निघता निघत नाही.

वांक परत बसवताना शिवणीवर येणाऱ्या भागाला खाच हवी. वांक भरावावर टेकला तर तेवढ्यातच तो चिरडतो आणि दोन्ही अंगांनी सुटतो. तळाशी पाणी पुढे-मागे वाहायला चीरही ठेवावी. वांक सुंभाने बांधायचे, आणि इथे फार आवळायचं नाही. होडी लाटेवर लवते, वांकांनी तिला ताठ धरली तर सगळा ताण शिवणीवर येतो.

बाहेरच्या खाचा चुना आणि उंडीच्या तेलाच्या कणकेने भरायच्या. चुना बारीक चाळून, तेल थोडं थोडं घालून, हाताला चिकटेनासा होईपर्यंत मळायचा. तळाला बाहेरून तोच पातळ करून लावावा, किड्याला तो आवडत नाही. आतून तेलाचा हात. काजूच्या टरफलाचं तेलही वापरतात, कीड दूर ठेवायला ते चांगलंच, पण कातडीवर पडलं की भाजल्यासारखे फोड येतात. हाताला आधी खोबरेल चोपडावं आणि लांब दांड्याचा कुंचला घ्यावा. जुन्या शिवणीवरून फायबरचा थर चढवण्याचं काम सध्या बरंच चालतं. पहिलं वर्ष होडी कोरडी राहते, पण थराखाली अडकलेली ओल लाकूड आणि काथ्या दोन्ही सडवते, आणि ते बाहेरून दिसत नाही.

पाण्याची परीक्षा

आधी किनाऱ्यावरच होडीत चार इंच समुद्राचं पाणी भरायचं आणि बाहेरून बघायचं. ओंडके नीट आहेत ना ते तपासावं, कारण चार इंच पाणी म्हणजेही २००-२५० किलो वजन झालं. एकाच भोकातून ठिबकत असेल तर ठासण कमी पडली आहे, खुंटी काढून पुन्हा भरावं. दोन भोकांच्या मध्ये सांध्यातून थेंब येत असेल तर तिथला टाका सैल आहे. हातभर लांबीत सलग पाझर असेल तर कडच बसलेली नाही, तिथे दोरी ओढून काही होणार नाही, तेवढी शिवण उसवावी लागेल.

बारीक पाझर असेल तर होडी भरतीच्या वेळी उथळ खाडीत नांगरून दोन दिवस भिजू द्यावी. पहिल्या दिवशी पाणी उपसावं लागतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ४८ तासांनंतरही सकाळ-संध्याकाळ उपसावं लागत असेल तर वर काढून कावेच्या जुन्या खुणा बघाव्यात. बहुतेक वेळा गळती तिथेच सापडते.

पुढे वर्षभर एवढं पुरतं: उन्हाळ्यात किनाऱ्यावर असताना होडी चुडतांनी झाकायची आणि संध्याकाळी आतून खाऱ्या पाण्याचे चार हात मारायचे. पाऊस पडून आत गोडं पाणी साचलं तर त्याच दिवशी काढायचं. दर महिन्या-दोन महिन्यांनी मोगरीने भरावावर आवाज घ्यायचा. एखादा टाका तुटलेला दिसला तर शेजारच्या दोन जोड्यांसकट तेवढाच भाग उसवून, विणलेल्या जोडाने नवी दोरी घालावी. नुसता तुटलेला टाका गाठ मारून सांधला तर त्याच्या वाट्याचा भार शेजारच्यांवर जातो आणि पुढच्या उधाणाला तेही जातात.